खोकल्याच्या पत्रावळी

ही गोष्ट दोन हजार बावीस सालची. त्या वर्षी ऑगस्ट संपता संपता पोळा आला, त्याच्या मागोमाग गणपती आणि गणपतींच्या पाठोपाठ पितृपंधरवडा. साल माझ्या पक्कं लक्षात आहे, कारण त्याच वर्षी मी एका अख्ख्या गावाला त्यांचीच दुखणी जेवायला वाढली.

आधी एक सांगते. मी कुठेही राहू शकते! मला वाळवंटात नेऊन सोडलं तरी आठ दिवसांत तिथल्या उंटिणीशी माझी पाण्यावरून भांडणं सुरू होतील, असं आमचे हे म्हणायचे. त्यामुळे अंकुरची, म्हणजे माझ्या मुलाची, कराडहून थेट भंडारा जिल्ह्यात बदली झाली आणि सुनेने, करुणाने, काळजीने विचारलं की आई तुम्हाला तिकडे जमेल का, तेव्हा मी हसले. महाराष्ट्रच आहे ना, म्हटलं. मराठीच बोलतात ना? मग झालं तर.

अंकुर इंजिनिअर, काम कालव्यावर, म्हणून आम्ही तालुक्याच्या गावी, मोहाडीत, न राहता जवळच्या एका गावात भाड्याने घर घेतलं. गावाचं नाव सांगत नाही. मला अजून तिथे एकदा जायचं आहे. समोर तलाव, मागे धानाची शेतं, वर कवेलूचं, म्हणजे कौलांचं, छप्पर, आणि छपरावर वांदरं. आपल्याकडची माकडं नव्हेत. ही काळ्या तोंडाची, लांब शेपटाची, आणि बसायची अशी की ग्रामपंचायतीची सभाच भरली आहे. मी अंगणात तांदूळ निवडायला बसले की सगळी सभा मान खाली घालून माझ्याकडे बघायची. पहिल्या आठवड्यात मी त्यांतल्या एका म्हातारीला पोळी दिली. दुसऱ्या दिवशी ती सगळं खानदान घेऊन आली. घरमालकीण सुंदरबाई म्हणाल्या की आता ही पोळी तुम्ही मरेपर्यंत द्यायची, त्यांच्या हिशेबात लिहिली गेली.

मग न्हाणीघरात धामण निघाली. मी ओरडले, अंकुर ओरडला, करुणा खुर्चीवर चढली. सुंदरबाईंचे यजमान यादोराव शांतपणे आले, डोकावले आणि परत निघाले. हाकला की तिला, मी म्हटलं. ते म्हणाले की ती इथे आमच्याही आधीपासून आहे, उंदीर खाते, तिला काही भाडं लागत नाही. पुढचे कितीतरी दिवस मी न्हाणीच्या दाराशी उभी राहून आधी खोकायचे, मग आत जायचे. सासूबाईंच्या खोलीत जाताना खोकायचे, अगदी तस्सं.

तर मी रुळत होते. वरवर. आतलं सांगायचं तर, आमचे हे आदल्या वर्षी वैशाखात गेले. ते दिवस कसले होते ते तुम्हाला माहीत आहे. दवाखान्याच्या गाडीत स्वतःच्या पायांनी चढले आणि मग काही दिवसांनी अंकुरला लांबूनच दाखवलं. ना दहावा, ना तेरावा. कोणी आलं नाही, कोणाला येऊ दिलं नाही. साठ वर्षं ज्या माणसाने दुसऱ्यांच्या कार्यात पंगती वाढल्या, त्याच्या नावाने एक माणूस जेवलं नाही. मी तेराव्या दिवशी वरणभात केला आणि तो तसाच झाकून ठेवला. त्या वर्षी म्हाळ घालता येत नव्हता, वर्षाच्या आत घालत नाहीत. म्हणून ह्या वर्षी मी मनाशी घट्ट ठरवलं होतं. गाव परकं असो, भाऊबंद नसोत, ह्यांच्या नावाने अंगणभर पंगत बसली पाहिजे. माणसं पोटभर जेवून, हात धुऊन, ढेकर देत घरी गेली पाहिजेत. मला एवढंच हवं होतं. दुसरं काही नाही.

आणि म्हाळाची पंगत म्हणजे पानं पळसाची. कराडला हल्ली चंदेरी कागदाच्या पत्रावळी मिळतात. त्यांवर आमटी वाढली की कागद आधी आमटी पितो आणि मग माणसाला देतो. ह्यांना त्यांचा भारी राग.

आता त्या मुलखातली एक रीत तुम्हाला आधीच सांगून टाकते. मला ती फार उशिरा कळली, पण तुम्ही कशाला अंधारात राहता? आमच्याकडे बैलांचा सण म्हणजे बेंदूर. बैल रंगवले, पुरणपोळी खाल्ली, संपलं. इथे पोळ्याच्या संध्याकाळी दारोदार पळसाच्या फांद्या उभ्या करतात. रात्रभरात घरातलं सगळं दुखणं-खुपणं, ताप, खोकला, खरूज, भांडणं त्या फांदीत जातात म्हणे. दुसऱ्या दिवशी भल्या पहाटे गाव उठतं, फांद्या उचलतं, पीडा वाहून नेणाऱ्या मारबतीला ‘घेऊन जाय गे मारबत’ असं ओरडत शिवेबाहेर जातं आणि तिथे त्या फेकून मागे न बघता परत येतं. झालं, गाव निरोगी!

आमच्याही दाराशी सुंदरबाईंनी फांदी उभी केली होती. मला वाटलं, शोभेला. ह्यांच्या मागे मला झोपेची गोळी लागायची, त्यामुळे पहाटेचा सगळा ओरडा माझ्या कानावरून गेला. अंकुरने ऐकला. त्याला वाटलं शाळेची प्रभातफेरी आहे. त्याने उशी कानावर घेतली. मी उठले तर दाराशी फांदी नव्हती. वांदरांनी नेली असणार, म्हटलं.

आणि मग मी फिरायला गेले. तलावाची पाळ संपते तिथे, गावाच्या शिवेपलीकडे, बघते तर पळसाच्या फांद्यांचा ढीग. ताज्या, हिरव्यागार, परातीएवढी पानं! माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं, ह्यांनीच पाठवल्या. आणि काय ही उधळी माणसं, एवढं सोनं रस्त्यावर टाकून दिलंय. मी पदर खोचला आणि मोठा भारा बांधून डोक्यावर घेतला. पुरला नाही म्हणून परत गेले, दुसरा भारा आणला.

वाटेत हंडे घेतलेल्या बायका भेटल्या. मला बघून त्या वाटेच्या पार कडेला, चिखलात उतरून उभ्या राहिल्या. वयाला किती मान देतात इथे, मी मनात म्हटलं. मग यादोराव आले, बैल घेऊन. थांबले. बैलही थांबले.

“कायले नेऊन राहिल्या जी बाई हे?” त्यांनी हळूच विचारलं.

“आमच्या ह्यांच्यासाठी,” मी म्हटलं. “आणि तुम्हा सगळ्यांसाठीही.”

यादोरावांनी डोक्यावरची टोपी काढली आणि मी वळणाआड जाईपर्यंत तसेच उभे राहिले.

संध्याकाळपर्यंत गावात झालं की इंजिनिअरच्या आईने आपल्या गेलेल्या मालकाच्या नावाने व्रत घेतलं आहे. गावाने टाकलेली सगळी पीडा ती स्वतःच्या डोक्यावर वाहून घरी घेऊन गेली. पुण्यवान बाई. पण जरा लांबून.

मी मात्र मागीलदारी बसून खराट्याचे हीर तोडत पानं टाचत होते. टाचलेल्या पत्रावळी पाट्याखाली दाबायच्या आणि सावलीत वाळवायच्या. चांगला छंद लागला. फक्त एक गोष्ट मला खुपायला लागली. दूधवाला चरवी फाटकाबाहेर ठेवून हाक मारायचा. सुंदरबाई रोज सपरीत, म्हणजे आपल्या ओसरीत, येऊन बसायच्या त्या आता अंगणाच्या टोकाला उभ्या राहून बोलायच्या. बोलायच्या अगदी प्रेमाने. बसा म्हटलं की काम आठवायचं. माणसं येता-जाता मला लांबून हात जोडायची आणि निघून जायची. देवळातल्या मूर्तीला काय वाटत असेल ते मला त्या दिवसांत कळलं. सगळे येतात, बसत कोणी नाही.

मग एक दिवस सकाळी फाटकाशी पळसाची एक फांदी ठेवलेली. दुसऱ्या दिवशी आणखी. बघा, मी करुणाला म्हटलं, कशी माणसं आहेत! मी पत्रावळी लावते हे कळलं आणि न सांगता आणून द्यायला लागली. एका सकाळी मी सुंदरबाईंच्या सुनेला, उर्वशीला, प्रत्यक्ष पकडलं. तिने फांदी दोन्ही हातांनी कपाळाला लावली, डोळे मिटले, मग खाली ठेवली. किती संस्कार! मी म्हटलं, अगं अजून आण हं, कितीही आण, मला पुरतच नाहीत. तिचा चेहरा असा काही उजळला की काय सांगू. पुढच्या दिवशी तिने तीन आणल्या. नंतर कळलं, एक तिच्या डोकेदुखीची, एक तिच्या आईच्या मूळव्याधीची आणि एक नवऱ्याच्या दारूची.

टिकारामजी आले तेव्हा तर कहरच झाला. हे गावातले जुने विणकर. मोहाडीला त्यांचा माग होता, आता मुलाकडे राहायचे. ह्यांच्याच वयाचे, तशीच किरकोळ अंगलट. ते फाटकाशी फांदी हातात धरून तिच्यावर चांगले मनसोक्त खोकले, आणि ती ठेवून निघाले. मला दया आली. मी त्यांना थांबवलं, आलं-मिरीचा काढा करून फाटकावरूनच पाजला, उरलेला बाटलीत भरून दिला. चार दिवसांत त्यांचा खोकला बसला. आता खोकला काढ्याने बसला हे तुम्हाला कळतं, मला कळतं. गावाला कळलं की खोकला फांदीतून माझ्याकडे आला. नेमकी त्याच दिवशी मला धुळीने शिंक आली.

मग विचारू नका! शेजारच्या गावातून माणसं यायला लागली. एक बाई आली ती फांदी आणि नवरा दोन्ही घेऊन. कुठलं ठेवून जायचं ह्यावर तिचं नक्की होत नव्हतं असं दिसलं. अंकुरच्या फाटकाशी रोज सकाळी पळसाचं रान उगवलेलं असायचं. कार्यालयातले लोक त्याला विचारायचे की साहेब, आईची तब्येत कशी आहे. तो म्हणायचा उत्तम. ते म्हणायचे, कमाल आहे.

माझ्याकडे पत्रावळींची चळत आढ्याला लागली. मी सगळ्या गावाला म्हाळाचं निमंत्रण दिलं. तिकडे त्याला पितर जेवू घालणं म्हणतात, गेलेल्या माणसाच्या जागी त्याच्या वयाचा कोणी बसवतात. मी टिकारामजींना विनंती केली. ते लगेच हो म्हणाले. मला रात्री गोळीशिवाय झोप लागली.

म्हाळाच्या दिवशी पहाटेपासून मी आणि करुणा चुलीपाशी. उडदाचे वडे, तांदळाची खीर, गवार-भेंडी-भोपळ्याची एकत्र भाजी, आमसुलाची आमटी, आणि तिथला तो सुवासिक भात. माणसं आली. धुतलेल्या कपड्यांत, मुलाबाळांसकट, अख्खं अंगण भरलं. आणि बसली! इतक्या दिवसांत पहिल्यांदा माझ्या अंगणात कोणीतरी मांडी घालून बसलं होतं. यादोरावांनी सगळ्यांना सांगितलं होतं की बाईने आपल्यासाठी एवढं केलं, आज तिच्या घरी जेवायला नाही म्हणायचं नाही. टिकारामजींना ह्यांचा पाट दिला. मी वाढायला सुरुवात केली. आता जेवतील, मी मनात ह्यांना म्हटलं. जरा थांबा, आता जेवतील.

सगळं वाढून झालं. आणि उर्वशीने, केवळ कौतुकाने, विचारलं की इतका पळस आणला कुठून?

मी म्हटलं, कुठून म्हणजे? थोडा तुम्ही शिवेपाशी टाकला होतात तो, आणि बाकी तुम्हीच सगळ्यांनी आणून दिलात तो. एक पान वाया घालवलं नाही मी!

अंगणातले सगळे हात घासाआधीच थांबले. प्रत्येक जण आपल्या पानाकडे बघत होता. वड्याखालून, भाताखालून. एका म्हाताऱ्याने हात हळूच मांडीखाली लपवला. मग टिकारामजींनी, अगदी साध्या आवाजात, जसं कोणी आपली चप्पल शोधावी तसं विचारलं,

“मंग माहा खोकला कोनाच्या पानावर आला जी?”

उर्वशी सासऱ्यांच्या पानाकडे डोळे फाडून बघत होती. “मामाजी,” ती म्हणाली, “तो बाजूचा देठ मले वळखीचा वाटते.”

यादोराव उठले. त्यांनी मला हात जोडले, वाईट वाटल्यासारखं तोंड केलं, आणि कुंपणापाशी जाऊन उभे राहिले. मग दुसरा उठला. मग सगळे. कोणी ओरडलं नाही, कोणी भांडलं नाही. ओरडले असते तर बरं झालं असतं. आया मुलांना बखोटीला धरून नेत होत्या आणि एक पोर वड्याकडे बघून रडत होतं. शेवटी टिकारामजी उठले. पितराच्या जागी बसलेला माणूस वाढल्या पानावरून उपाशी उठला.

मी पळी हातात धरून उभी होते. सुंदरबाई जवळ आल्या आणि त्यांनी मला सगळं सांगितलं. शीव, मारबत, फांद्या, सगळं. मी ऐकत होते, पण डोळ्यांसमोर तो झाकून ठेवलेला वरणभात होता. दुसऱ्यांदा, मी म्हटलं. दुसऱ्यांदा उपाशी ठेवलं मी त्यांना.

तेवढ्यात सभा खाली उतरली.

कवेलूंवरून, आंब्यावरून, कुंपणावरून, सगळी काळतोंडी वांदरं एकदम पंगतीत! आणि पंगतीची शिस्त त्यांना आमच्यापेक्षा जास्त. एकेकाने एकेक पान धरलं. म्हातारी थेट टिकारामजींच्या पाटावर बसली, पितराच्या जागी. अंकुर काठी घेऊन धावला तर ती पान उचलून, वड्यांसकट, पाळीकडे निघाली, आणि तिच्यामागे सगळं खानदान. कोणाच्या तोंडात पत्रावळ, कोणाच्या बगलेत दोन. करुणा चळतीवर चादर टाकायला गेली, त्यातून एकाने अख्खी चळतच ओढली. तलावाच्या पाळीवरून माझ्या इतक्या दिवसांच्या पत्रावळी शेपट्या उंच करून चालल्या होत्या. शीव ओलांडून पार पलीकडच्या झाडीत गेल्या.

मी तिथेच खाली बसले. आता रडायचंच बाकी होतं, तर सुंदरबाई कुंपणाशी जाऊन हात वर करून ओरडल्या,

“खोकला घेऊन जाय गे मारबत!”

क्षणभर कोणाला काही कळलं नाही. मग यादोराव ओरडले. मग उर्वशी, आईच्या मूळव्याधीचं नाव घेऊन. मग सगळं गाव वांदरांच्या पाठीमागे आपापली दुखणी मोठ्याने मोजत ओरडायला लागलं. मला त्या दिवशी कळलं की त्या गावात कोणाला काय होतं. इतकं सगळं माणसाने सहसा शेजाऱ्यांना कळू देऊ नये.

ओरडून झाल्यावर सुंदरबाई माझ्याकडे वळल्या आणि म्हणाल्या, “गेली जी बाई पीडा, शिवेपार गेली. आता भांड्यात काय हाये ते सांगा.”

भांड्यात वडे नव्हते. खीर तळाला. आमटी होती, भात होता. माणसं घरी गेली, आणि परत आली! प्रत्येकाच्या हातात आपापलं स्टीलचं ताट. सुंदरबाईंनी घरचं वरण आणलं, कोणी वांग्याची भाजी, कोणी कांदा. टिकारामजी पुन्हा पाटावर बसले, ताट मांडीवर घेऊन. म्हाळाला न चालणारं निम्मं जेवण त्या पंगतीत होतं. ह्यांना कांदा फार आवडायचा, म्हणून मी गप्प बसले. माणसं जेवली. हात धुतले. ढेकर दिले. आणि कोपऱ्यात ठेवलेल्या घासावर कुठून तरी एक कावळा आला, आणि भात सोडून वांग्याची फोड घेऊन गेला. मी पदर तोंडाला लावला. सुंदरबाई माझ्या शेजारी येऊन बसल्या. टेकून.

त्याला आता बराच काळ झाला. अंकुरची बदली परत साताऱ्याकडे झाली आणि आम्ही कराडला आलो. तो अजून वैतागला की म्हणतो, मी त्या गावात इंजिनिअर नव्हतो, मारबतबाईंचा मुलगा होतो. करुणा फोनवर ‘काय करून राहिलीस’ असं विचारते आणि कराडच्या बायका एकमेकींकडे बघतात. उर्वशीने मोहाडीला ब्यूटी पार्लर टाकलं. नवऱ्याच्या दारूची फांदी बहुतेक वांदरांच्या हातून शिवेअलीकडेच पडली, पण पार्लर चांगलं चाललं आहे. यादोराव आता पोळ्याच्या फांद्या शिवेवर टाकू देत नाहीत. ट्रॅक्टरमध्ये भरून पार वैनगंगेपर्यंत नेतात. पुन्हा कोणी बदलीवर आलं तर काय करायचं, म्हणतात. टिकारामजी पुढच्या हिवाळ्यात गेले. झोपेतच. त्याचा पत्रावळींशी काही संबंध नाही असं सगळे म्हणतात. मीही म्हणते. खोकला मात्र त्यांना शेवटपर्यंत झाला नाही.

सुंदरबाई आहेत. त्यांच्या घरी पितरांची पानं मांडतात त्यात त्या दर वर्षी एक पान जास्तीचं मांडतात. इंजिनिअरच्या बापाचं, म्हणतात. तो आमचा माणूस झाला.

गेल्या वर्षी मी कराडला म्हाळ घातला. सगळं अगदी रीतसर. पळसाच्या पत्रावळी दुकानातून आणलेल्या, पावतीसकट. चार माणसं आली, घड्याळ बघत जेवली, छान झालं म्हणाली आणि गेली. गच्चीवर कावळ्यासाठी पान ठेवलं. दुपार झाली, उन्हं कलली, कावळा काही येईना. मी काव काव करून घसा बसवून घेतला. मग मला राहवेना. सुंदरबाईंना फोन लावला आणि रडवेल्या आवाजात सांगितलं.

त्या म्हणाल्या, “कसा येल जी बाई? तुमचे मालक तं सकाळीच इकडं जेवून गेले. वांग्याची भाजी दोनदा घेतली.”

मी फोन ठेवला. मग पान उचलून खाली आणलं. वडे पार गार झाले होते. मीच खाल्ले.